शिंगराला माणसाळवण्याची रीत

शिंगरू जन्मल्यावर साधारण तासाभरात उभे राहते, दोन तासांच्या आत आईला लुचू लागते आणि पहिला दिवस संपण्यापूर्वी तिच्या बरोबरीने धावू शकते. उघड्या माळावर कळपाने राहणाऱ्या आणि मोठ्या शिकारी जनावरांच्या तोंडी सापडणाऱ्या प्राण्याची ही उपजत तयारी आहे. धोका ओळखून पळणे त्याला शिकवावे लागत नाही. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांचा परिसर दिसतो. कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटीमागचा भाग तेवढा नजरेबाहेर राहतो. अंगावर माशी बसली की तेवढ्या जागची कातडी थरथरवता येते, इतकी त्याची त्वचा संवेदनशील असते. माणसाच्या अपेक्षा नेमक्या या स्वभावाविरुद्ध जातात. परक्या हाताने अंगावरून फिरावे, तोंडावर म्होरकी चढवावी, पळण्याचे एकमेव साधन असलेला पाय उचलून धरावा आणि हे सारे होत असताना शिंगराने जागेवर उभे राहावे, असे माणसाला हवे असते. माणसाळवणे म्हणजे या अपेक्षा त्याला झेपतील एवढ्या लहान करून, एकामागून एक त्याच्यापुढे ठेवणे.

तट्टांच्या बाबतीत एक जास्तीची अडचण आहे, ती त्यांच्या लहान आकाराची. स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे खांद्यापाशी १४८ सेंटिमीटरपर्यंत उंची असलेला घोडा तट्टू मानला जातो. शेटलंड जातीत पूर्ण वाढलेले जनावरही १०७ सेंटिमीटरपलीकडे जात नाही. अशा तट्टाचे महिन्याभराचे शिंगरू एका माणसाला कवेत घेऊन अडवता येते, ढकलता येते, दोघांना मिळून उचलताही येते. म्हणून शिकवण्याचे कष्ट टळतात आणि बळ वापरले जाते. तेच शिंगरू दोन वर्षांचे झाले की बळाचा हिशेब उलटतो. तोवर माणूस म्हणजे धरपकड एवढेच त्याने ओळखलेले असते आणि मग तट्टे मुळातच हट्टी असतात, असा बोल त्यांना लावला जातो. हा बोल बहुतेक वेळा अन्यायाचा असतो.

मवाळ रीतीचा विचार नवा नाही. ग्रीक लेखक आणि सेनानी झेनोफोन याने इ. स. पूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवर लिहिलेल्या पुस्तकात शिंगराला माणसाची गोडी कशी लावावी हे सांगितले आहे. भूक, तहान आणि माशांचा त्रास एकटेपणाशी जोडला जावा. चारा, पाणी आणि त्या त्रासातून सुटका माणसाच्या हातून मिळावी, म्हणजे शिंगरू माणसाची वाट पाहू लागते, असा त्याचा आशय आहे. ज्या जागी घोड्याला स्पर्श आवडतो आणि जिथे त्याला स्वतःला खाजवता येत नाही, त्या जागी हात फिरवावा. गर्दीतून, आवाजातून त्याला हिंडवून आणावे. बिचकला तर मारू नये, भिण्याजोगे काही नाही हे दाखवून द्यावे, असेही तो सांगतो. तेवीस शतकांनंतरच्या प्रयोगांनी यातले बरेचसे खरे ठरवले आहे.

मधल्या काळात मात्र घोड्याची रग जिरवणे हीच शिक्षणाची सुरुवात मानली गेली. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी शिक्षक जॉन रेरी हा सौम्यपणासाठी नावाजला होता. १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये क्रूझर नावाच्या मारक्या घोड्याला त्याने ताब्यात आणले आणि त्याची कीर्ती राणी व्हिक्टोरियापर्यंत पोहोचली. रेरी चाबूक टाळत असे, घोड्याशी हळू बोलत असे. पण त्याच्या पद्धतीचा कणा म्हणजे पुढचा पाय पट्ट्याने दुमडून बांधणे आणि थकून घोडा खाली बसेपर्यंत त्याला तसेच ठेवणे. त्यानंतर त्याच्या सर्वांगावरून हात फिरवला जाई. आजच्या कसोटीवर ही मवाळ रीत ठरत नाही. प्रतिकार निरुपयोगी आहे हे घोड्याला पटवून देण्याची ती एक शिताफीची युक्ती होती. विसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम भागात टॉम डॉरन्स, रे हंट यांनी घोड्याच्या हालचाली वाचून त्याला योग्य क्षणी मोकळीक देण्यावर भर दिला आणि तिथून आजच्या बऱ्याच पद्धती निघाल्या.

नवजात शिंगरांविषयीचा मोठा वाद १९९१ मध्ये सुरू झाला. कॅलिफोर्नियातील पशुवैद्य रॉबर्ट मिलर यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच शिंगराला हाताळावे असे मांडले. कान, नाकपुड्या, तोंड, पाय, खूर अशा प्रत्येक भागाला पुन्हा पुन्हा स्पर्श करत राहावे, शिंगराचा विरोध मावळेपर्यंत थांबू नये आणि मगच पुढच्या भागाकडे वळावे, ही त्यांची पद्धत. बदकाची पिले अंड्यातून बाहेर पडताच दिसलेल्या हलत्या वस्तूमागे चालू लागतात, तसा एखादा ठसा उमटण्याचा काळ शिंगरांतही असावा, ही त्यामागची कल्पना. जगभरच्या घोडेपैदास केंद्रांवर ती झपाट्याने पसरली.

प्रयोगांनी तिला फारसा आधार दिला नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील संशोधकांनी २००२ आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत जन्मवेळी अशी हाताळलेली आणि न हाताळलेली शिंगरे काही महिन्यांनी तपासली, तेव्हा दोन्ही गटांत टिकाऊ फरक आढळला नाही. फ्रान्समधील रेन विद्यापीठात सेव्हरीन आंरी आणि मार्टिन ऑसबर्जे यांच्या गटाचे निष्कर्ष याहून गंभीर आहेत. ज्या शिंगरांना जन्मल्याबरोबर माणसांनी धरून आईच्या सडाशी नेले, ती पुढे माणसाला अधिक टाळू लागली. आणि पहिल्याच तासात फार हाताळलेली शिंगरे नंतर आईला अधिक चिकटून राहिली, इतर शिंगरांत कमी मिसळली. तो पहिला तास शिंगरू आणि घोडी यांनी एकमेकांना ओळखण्याचा असतो. प्रकृतीची अडचण नसेल तर नाळेला औषध लावण्यापलीकडे माणसाला तिथे काही काम नाही.

याच गटाने २००५ मध्ये दाखवलेली गोष्ट या विषयातली सर्वांत उपयोगी म्हणावी लागेल. शिंगराच्या जन्मानंतरचे पहिले पाच दिवस, रोज पंधरा मिनिटे, एक माणूस आत जाऊन फक्त घोडीला हळुवार खरारा करत होता. शिंगराला त्याने हातही लावला नाही. ही शिंगरे पुढे माणसाला कमी घाबरली, स्वतःहून जवळ आली, पाठीवर खोगिराखालची गादी ठेवू दिली आणि हा परिणाम वर्षाच्या वयापर्यंत टिकला. डेन्मार्कमधील यान्ने विंथर क्रिस्टेन्सेन यांच्या २०१६ च्या अभ्यासात सरावलेल्या घोड्यांच्या माद्यांनी आपल्या शिंगरांसमोर अनोळखी वस्तू निर्धास्तपणे ओलांडल्या, तेव्हा ती शिंगरेही महिनोन्‌महिने अशा वस्तूंना कमी बिचकली. शिंगराचा विश्वास मिळवायचा तर आधी त्याच्या आईचा मिळवावा लागतो आणि ते काम शिंगरू पोटात असतानाच सुरू करता येते.

दूध तुटण्याचा काळ ही दुसरी संधी. कळपात आई साधारण नऊ-दहा महिन्यांपर्यंत शिंगराला पाजते आणि हळूहळू तोडते. माणसे ते चार ते सहा महिन्यांतच करतात, तेही बहुधा एका दिवसात. फ्रान्सच्या कृषी संशोधन संस्थेत लेया लान्साद आणि सहकाऱ्यांनी वेल्श तट्टांच्या शिंगरांवर दोन प्रयोग केले. जन्मापासून दोन आठवडे रोज हाताळलेली शिंगरे लगेच सोपी झाली, पण तो परिणाम काही महिन्यांत ओसरला. दूध तोडल्यावर लगेच सुमारे दोन आठवडे हाताळलेल्या शिंगरांत तो बराच जास्त टिकला. आई नाहीशी झाली असताना येणारा शांत माणूस शिंगराला आधार वाटत असावा. तोच माणूस दांडगा निघाला, तर भीतीही तितकीच खोल रुजते.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते इंग्लंडच्या माळरानावरील तट्टांत. न्यू फॉरेस्ट, डार्टमूर आणि एक्समूर येथील तट्टे मोकळी चरतात, पण ती बेवारस नसतात. न्यू फॉरेस्टमध्ये चराईचा हक्क असलेले लोक त्यांचे मालक असतात आणि अ‍ॅजिस्टर नावाचे अधिकारी देखरेख ठेवतात. चराईची रक्कम भरली की तट्टाच्या शेपटीचे केस ठरावीक आकारात कापले जातात. उन्हाळा सरताना आणि शरदात घोडेस्वार कळप हाकून आवारात आणतात, तट्टांवर खुणा करून त्यांना औषधे दिली जातात आणि बरीचशी शिंगरे ब्यूली रोड येथील बाजारात विक्रीला जातात. एक्समूरची तट्टे दुसऱ्या महायुद्धानंतर अवघी पन्नासच्या आसपास उरली होती. आज ती सावरली असली तरी त्यांचेही दरवर्षी शरदात असेच हाके होतात.

अशा शिंगराचा एक दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळपर्यंत त्याला माणसाचा हात लागलेला नसतो. मग हाका, आरडाओरडा, आईपासून तुटणे, लिलावाचे रिंगण, आयुष्यातला पहिला ट्रक आणि रात्री चार भिंतींची अनोळखी खोली. त्याच रात्री कोणी प्रेमाने कुरवाळायला गेले तर ते प्रेम शिंगरापर्यंत पोहोचत नाही. पहिले काही दिवस त्याला सोबतीला दुसरे शिंगरू किंवा शांत, माणसाळलेले तट्टू, भरपूर गवत आणि पाणी द्यावे. माणसाने ठरल्या वेळी यावे, चारा टाकावा, थोडे थांबावे आणि निघून जावे. या थांबण्यात शिकवणीची सुरुवात झालेली असते. माणूस येतो आणि काही वाईट न घडता जातो, हे शिंगरू मनाशी जोडत असते.

प्रत्यक्ष हाताळणीची जागा बेताची हवी. इतकी मोठी नको की शिंगरू भरधाव सुटेल, इतकी अरुंदही नको की दोन पावले मागे सरता येणार नाही. मागे सरण्याची मुभा ही सौम्य रीतीची पहिली अट आहे. माणसाने सरळ तोंडाकडे न जाता खांद्याच्या दिशेने वळणाने जावे, नजर रोखू नये, शिंगराची मान ताठ झाली किंवा पाय हलण्याच्या बेतात आले की थांबावे. त्याने श्वास सोडला, मान खाली घेतली, एक कान माणसाकडे वळवला की माणसाने मागे फिरावे. ते स्वस्थ उभे राहिले म्हणून माणूस दूर गेला, हा त्याचा पहिला धडा.

या धड्यातच बाकीचे सारे सामावले आहे. घोडा मुख्यतः सुटकेतून शिकतो. दाब सुरू असताना तो पर्याय शोधतो आणि ज्या क्षणी दाब थांबतो त्या क्षणी जे करत होता ते उत्तर म्हणून लक्षात ठेवतो. शिंगरू निसटले म्हणून हात काढून घेतला तर ते निसटायला शिकते. क्षणभर उभे राहिले आणि त्याच क्षणी हात निघाला तर उभे राहायला शिकते. कुशल माणूस आणि केवळ मायाळू माणूस यांच्यातला फरक या क्षणभराच्या अचूकपणात आहे.

अस्पर्श शिंगराला पहिला स्पर्श लांबून करता येतो. हलक्या बांबूच्या टोकाला मऊ फडके गुंडाळून त्याने आयाळ संपते तिथल्या खांद्यावरच्या उंचवट्याला खाजवावे. लाथेच्या पल्ल्याबाहेर माणूस सुरक्षित राहतो आणि शिंगरालाही कोंडल्यासारखे वाटत नाही. हळूहळू काठी आखूड धरत हात तिथे पोहोचवावा. ही जागा निवडण्याला कारण आहे. घोडे एकमेकांना दातांनी तिथेच खाजवतात. कामार्ग घोड्यांवर क्लॉडिया फेह आणि द माझिएर यांनी १९९३ मध्ये दाखवले की तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी होतात आणि शरीराच्या इतर भागी तसे होत नाही. नाकावर थोपटणे माणसाला आवडते. शिंगराला ती जागा दिसत नाही, म्हणून ते मान झटकते.

खांद्यापासून मानेकडे, पाठीकडे, छातीकडे आणि पुठ्ठ्याकडे हात सरकवताना दर वेळी ओळखीच्या जागी परत यावे. म्होरकी एकदम चढवू नये. आधी मऊ दोर मानेवरून नुसता टाकून काढावा, मग त्याचा सैल फेर, मग नाकावरची पट्टी क्षणभर, शेवटी बकलाचा खडखडाट. शिंगराला मोकळे सोडताना म्होरकी काढावी. मागच्या खुराने कान खाजवताना खूर पट्टीत अडकून जीवघेणे अपघात होतात.

चालवण्यात ओढाओढ वर्ज्य. सरळ पुढे ओढले की शिंगरू मागे रेटते, तोल गेला तर उताणे पडते आणि मान दुखावते. दोर किंचित बाजूला ताणून धरावा. एक पाऊल, अगदी अर्धे पाऊल पडले तरी दोर तत्क्षणी सैल करावा. दूध पिणाऱ्या शिंगरासाठी पुठ्ठ्यामागून दोराचा सैल वेढा घेऊन आईच्या मागोमाग चालवणे सोपे जाते. दोराच्या ताणाला मान देणे पक्के झाल्याशिवाय खुंट्याला बांधू नये. बांधलेल्या शिंगराने झटापट केली तर मानेच्या मणक्यांना होणारी इजा जन्मभर राहू शकते.

पाय उचलून देणे शिंगराला सर्वांत अवघड, कारण पाय धरला गेला की पळण्याचा मार्गच बंद होतो. हात खांद्यावरून उतरत गुडघ्यापर्यंत आणि मग खुरापर्यंत न्यावा, पाय उचलताच त्याने ओढण्याआधी खाली ठेवावा. पहिल्या दिवशी एका सेकंदाचे उचलणे पुरे. नालबंदाने खूर तासताना शिंगरू काही मिनिटे तीन पायांवर उभे राहते, ते अशा असंख्य सेकंदांच्या बेरजेतून. जंताचे औषध देण्याआधी रिकाम्या पिचकारीने गुळाचे पाणी देऊन ठेवले तर पशुवैद्याचे काम निम्मे होते.

भीतीच्या वस्तूंची सवय लावण्यातही पायरी महत्त्वाची. क्रिस्टेन्सेन यांच्याच २००६ च्या प्रयोगात दोन वर्षांच्या घोड्यांना पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय तीन रीतींनी लावली. पायरीपायरीने जवळ नेलेल्या गटातले सर्व घोडे शिकले. पिशवी एकदम समोर आणलेल्या किंवा ती खाद्याशी जोडलेल्या गटांतले काही शिकलेच नाहीत. शिंगराला धरून ठेवून त्याच्यावर पिशवी फडफडवत राहिले तर तेही शेवटी स्तब्ध होते. पण ती स्तब्धता तपासून पाहावी लागते. डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, आवळलेली हनुवटी, पोटाशी दाबलेली शेपटी, रोखलेला श्वास ही शांतपणाची लक्षणे नव्हेत. असे गोठलेले शिंगरू दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसासमोर अचानक उधळते.

वेळ किती द्यावा, यावर तट्टांवरच झालेला एक प्रयोग विचारात घेण्याजोगा आहे. १९८० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात आठवड्यातून एकदाच शिकवलेल्या तट्टांना एखादी गोष्ट शिकायला रोज शिकवलेल्या तट्टांपेक्षा कमी पाठ लागले. दिवस अर्थातच जास्त गेले. मधल्या विश्रांतीत शिकलेले मुरते. लहान शिंगरे तर दिवसाचा मोठा भाग झोपून काढतात. पाच-दहा मिनिटांचा पाठ आणि काही चांगले घडताच तो संपवणे हे त्यांच्या मानाने पुरेसे असते.

खाद्य द्यावे की नाही, यावर जाणकारांत एकमत नाही. कॅरोल साँकी आणि रेन येथील सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की खाद्याच्या बक्षिसाने शिकवलेले तरुण घोडे कित्येक महिन्यांनंतरही माणसाकडे अधिक ओढले जातात आणि शिकलेले विसरत नाहीत. हालअपेष्टांतून सोडवलेल्या तट्टांवर इंग्लंडमध्ये २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही बक्षिसाने शिकलेली तट्टे अधिक उत्साहाने शिकली. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे की हातातून खाणारे शिंगरू चावायला लागते. ते खरे आहे, पण दोष घास देण्याच्या वेळेचा असतो. शिंगरू तोंड खिशाकडे नेत असताना घास मिळाला तर ते खिसा शोधायला शिकते. तोंड समोर ठेवून उभे असताना मिळाला तर उभे राहायला शिकते.

गोल रिंगणात घोड्याला पळवून, तो थकल्यावर पाठ फिरवून त्याला मागे यायला लावण्याची रीत माँटी रॉबर्ट्स यांच्या १९९६ च्या आत्मचरित्रामुळे जगभर पोहोचली. घोडा माणसाला कळपाचा नायक मानतो म्हणून मागे येतो, असे तिचे स्पष्टीकरण दिले जाते. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी दूरनियंत्रित खेळण्यातली गाडी वापरून तोच परिणाम मिळवला. गाडीला कोणी नायक मानत नाही. पाठलाग थांबतो म्हणून घोडा तिच्याजवळ येतो. दूध तुटलेल्या शिंगराला असे पळवण्यात काही साधत नाही आणि कोवळ्या सांध्यांना इजाच होते.

लाडाचा अतिरेक हाही सौम्यपणाचा विपर्यास आहे. माणसांनी बाटलीवर एकटे वाढवलेले पोरके शिंगरू माणसाला आपल्यासारखेच शिंगरू समजते; अंगावर चढते, चावते, खेळात दुगाण्या झाडते. लहानपणी गंमत वाटणारे हे खेळ दोनशे किलोच्या जनावरात जीवावर बेततात. अशा शिंगराला शक्य तितक्या लवकर घोड्यांच्या सहवासात ठेवणे हा खरा उपाय. जनावराने जनावराशी कसे वागावे आणि मर्यादा कुठे सुरू होते, हे मोठी घोडी माणसापेक्षा चांगले शिकवते.

महाराष्ट्रात भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टे मराठी फौजांचे बळ होती. आज ती प्रामुख्याने भटकंती करणाऱ्या धनगरांकडे उरली आहेत. बिऱ्हाड लादलेल्या घोड्यांबरोबर शिंगरे मोकळी चालतात. मेंढरे, कुत्री, मुले, रस्त्यावरची वाहने यांच्यात आईच्या सावलीत वाढतात. डॅनिश प्रयोगाने मांडलेली गोष्ट इथे रोजच्या जगण्यात घडत असते. दुसऱ्या टोकाला सारंगखेड्याच्या दत्तयात्रेतला किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला बाजार, माथेरान-महाबळेश्वरची पर्यटकांची तट्टे आणि वरातीचे घोडे. तिथे जनावराला गर्दी, ढोलताशे आणि दर तासाला नवा स्वार सोसावा लागतो. त्याची तयारी शिंगरूपणी झाली नसेल तर पायबंद, अगाडी-पिछाडी आणि काटेरी लगाम यांचा आधार घेतला जातो. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगामाला मनाई केली आहे, तरीही तो वापरात दिसतो. त्यापासून तट्टाला वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याची गरजच पडू नये असे शिंगरू तयार करणे.

शिंगरू माणसाळले की नाही याची परीक्षा मालकाच्या हाती घेऊन उपयोग नाही. अनोळखी माणसाने मोकळ्या जागेत जाऊन त्याला धरावे, म्होरकी घालावी, सैल दोराने दोन्ही बाजूंनी चालवावे, चारही पाय उचलावेत, तोंड उघडून पाहावे, सुई टोचावी आणि ट्रकमध्ये चढवावे. हे सारे श्वास न रोखता पार पडले तर वर्षभराच्या शिंगरासाठी तेवढे शिक्षण पुरेसे आहे. पुढची दोन वर्षे त्याला कळपात वाढू द्यावे, अधूनमधून हात फिरवावा, नालबंद आणि पशुवैद्य यांच्या भेटी चुकवू नयेत. पाठीवर स्वार घेण्याचे वय तीन-चार वर्षांनंतरचे. पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ लागतो, म्हणून तेव्हाही स्वार हलका आणि फेरी छोटी ठेवतात.